बाईंची सहल, परत एकदा

रात्र, दादर

तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते, म्हणजे तारीख बदललेली असते, आणि कोकणात निघालेल्या प्रत्येक ग्रुपमधे एक तरी महाभाग असतोच जो आदल्या तारखेचं तिकीट काढून प्लॅटफॉर्मवर ऐटीत उभा राहतो. आमच्यात तो मान शेठने मिळवला. शेठ म्हणजे आमचा वर्गमित्र, ठाण्याकडे बांधकामाचा धंदा, हातात दोन मोबाईल, आणि तिकीट कालचं. मग काय, टीसीची मनधरणी, दंड, आणि पनवेलपर्यंत माझ्या पायाशी बसून त्याचं चालू, "बाई असत्या तर कान उपटला असता रे."

असत्या तर. आमच्या गावच्या शाळेच्या बाई गणपतीनंतर गेल्या. रात्री झोपल्या त्या सकाळी उठल्याच नाहीत, एवढंच आम्हाला मुंबईत कळलं. ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडले, चाळीस-पन्नास तरी असतील, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ग्रुपवर कोणीतरी फ्लॅट भाड्याने देणे आहे टाकलं. तेराव्याला कोणालाच जमलं नाही. माझंच सांगतो, मला जमलं असतं, मी गेलो नाही.

मग नोव्हेंबरात काकूंचा फोन आला. काकू म्हणजे ज्यांच्या पडवीला लागून असलेल्या दोन खोल्यांत बाई एकतीस वर्षं नोकरीची आणि नंतरची सगळी रिटायरमेंटची राहिल्या त्या. म्हणाल्या, "बाईंची ट्रंक उघडली. भावाने कपडे, भांडी नेली, वह्या तशाच आहेत. रद्दीत घालायला हात होत नाही माझा. तुम्ही कोणी येताय का?" आणि त्यांनी एका पानाचा फोटो पाठवला. वर लाल शाईत अधोरेखित: सहल, इयत्ता चौथी.

तिथून सगळं ठरलं. शोकसभा गावात होणारच होती, पण आपण बाईंची सहल करायची, त्याच ठिकाणी, वहीत लिहिलंय तशी. पाच जण मुंबई-ठाणे-पनवेलहून, दोघंतिघं गावातले.

दिवस पहिला: खेड, दापोली, आणि फ्लेक्स

पहाटे खेडला उतरलो. डिसेंबर असल्यामुळे चांगलीच थंडी, स्टेशनवर चहा, मग रिक्षाने एसटी स्टँड, मग दापोलीची गाडी. दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणतात ते आम्हाला लहानपणी माहीतच नव्हतं, आमच्यासाठी ते फक्त कॅम्प होतं, म्हणजे बाजार, दवाखाना आणि वह्या मिळायचं ठिकाण. आता विद्यापीठाच्या बाजूने जाताना शेठ म्हणाला इथे जागेचे भाव विचारू नको. मी विचारले नव्हते.

आमचं गाव हर्णै-आंजर्ले पट्ट्यातलं, नाव लिहीत नाही. शाळा जिल्हा परिषदेची, भिंतीवर अजून जीवन शिक्षण मंदिर असं पुसट दिसतं. आमच्या वेळी चौथीत एकतीस पोरं होतो, आता पहिली ते चौथी मिळून अकरा. कौलं जाऊन पत्रे आलेत. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा छप्पर गेलं, अख्ख्या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि गावाला कित्येक दिवस लाईट नव्हती. बाई तेव्हा रिटायर झालेल्या. तरी वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पडलेली झाडं ओलांडत शाळेत जाऊन त्या जनरल रजिस्टरं उचलून घरी घेऊन आल्या, भिजून लगदा व्हायच्या बेतात असलेली. ऊन कुठलं जूनमधे, मग काकूंच्या चुलीच्या वर माळ्यावर लाकडं-गोवऱ्या वाळत ठेवतात तिथे ती उघडी करून ठेवली, आणि रोज पानं उलटत बसल्या. हे मला हेडमास्तरांनी सांगितलं आणि कपाटातून एक रजिस्टर काढून दिलं. नाकाजवळ नेलं तर अजून धुराचा वास येतो. माझी जन्मतारीख त्यात आहे, ती वाचता येते.

शोकसभा चारला होती. मैदानात मंडप, खुर्च्या, आणि स्टेजच्या मागे दहा बाय पंधराचा फ्लेक्स, बाईंचा फोटो मोठा, खाली सात-आठ इच्छुक उमेदवारांचे छोटे, आणि वर सोनेरी अक्षरात, "भावपुर्ण श्रध्दांजली".

आम्ही पाचही जण एकदम थांबलो. पु ऱ्हस्व. आणि द ला ध ऐवजी ध ला द. ज्या बाईंनी एकतीस वर्षं हाच पू दीर्घ काढून घेतला, पाटीवर पन्नास वेळा, त्यांच्याच डोक्यावर. डॉक्टर (आमची वर्गमैत्रीण, दातांची आहे, पण आम्ही लहानपणापासून डॉक्टरच म्हणतो कारण ती दुसरीत असल्यापासून सांगायची) हिला आधी हसू आलं आणि मग ती जी रडायला लागली ती थांबेचना. प्रिंटरला फोन केला तर म्हणाला, सगळ्यांचं असंच असतं, आजपर्यंत कोणी कंप्लेंट केली नाही. मग शाळेतूनच लाल मार्कर आणला, शेठ खुर्चीवर चढला, खुर्ची मी धरली, आणि त्याने पु ची छोटी शेपटी खोडून मोठी काढली. दुसरी चूक दुरुस्त होण्यासारखी नव्हती म्हणून त्याभोवती गोल केला आणि समासात, म्हणजे फ्लेक्सच्या कडेला, बाई करायच्या तशी फुली. उमेदवारांपैकी एक जण चिडला. काकू खालून म्हणाल्या, "असू दे, बाईंना बरं वाटेल."

भाषणं झाली. सगळ्यांनी आदर्श शिक्षिका म्हटलं. एकानेही वही वाचली नव्हती.

वहीबद्दल आता सांगतोच. फुलस्केप, ब्राऊन पेपरचं कव्हर, प्रत्येक वर्षाला दोन पानं. एसटी प्रासंगिक करारावर घ्यायच्या, सकाळी सहाला निघून रात्री परत, पालगड, आसूद, मुरुड, हर्णै, आंजर्ले. डावीकडे हिशोब, जमा आणि बाकी. उजवीकडे पोरांची नावं आणि पुढे शेरा. शेरे असे: "पोहता येतं म्हणतो. विश्वास ठेवू नये." "डबा आणणार नाही. दोन पोळ्या जास्त." "आईची आठवण येते, दुपारी चारनंतर." "हिला पुढे उभं करावं, मागे राहिली की बोलत नाही." शेठच्या नावापुढे, "पैसे मोजायला द्यावे." शेठने हे तीनदा वाचलं.

माझ्या नावापुढे आहे, "खिडकी. आलेपाक." आणि हिशोबाच्या पानावर, बाकी १२, आणि त्याच्या पुढे बारीक अक्षरात, "मागू नये."

माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, आमच्या पट्ट्यातली निम्मी घरं गिरणीच्या पगारावर, सगळ्यांना वाटलं महिना दोन महिने. गिरणी काही परत लागली नाही. वडील गावी आले आणि दुसऱ्याच्या बागेत शिपणं करायला लागले, म्हणजे झाडांना पाणी घालणं. ते बारा रुपये मला आठवतच नव्हते. सहलीला गेलो होतो एवढंच आठवत होतं, त्यामुळे पैसे भरले असणार असं मी आयुष्यभर धरून चाललो होतो.

रात्री पडवीत यावरून भांडण झालं. सगळ्या वर्षांची बाकी डॉक्टरने मोबाईलवर बेरीज केली, हजाराच्याही आत. शेठ म्हणाला मी पन्नास हजार देतो, शाळेत बाईंच्या नावाने हॉल बांधू. अकरा पोरांना हॉल? मग तो चिडला, मग मी चिडलो. काकूंनी कुळथाची पिठी आणि भात वाढला आणि विषय तिथेच राहिला.

दिवस दुसरा: हर्णै, सुवर्णदुर्ग, आंजर्लं

बाई एका दिवसात करायच्या ते आम्ही तीन दिवसांत वाटून घेतलं, आणि क्रमही उलटा, कारण भरतीची वेळ आणि आमचे गुडघे.

हर्णै बंदरावर सकाळीच गेलो. आता बरंच बदललंय पण होड्या अजून लांब पाण्यात उभ्या, आणि मासळी किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या पाण्यात शिरतात, बैलाच्या पोटापर्यंत पाणी. लिलाव संध्याकाळी जास्त रंगतो, सकाळी तसा बेताचा. तांडेल वाट बघत होता. हा आमचाच वर्गमित्र, पाजपंढरीचा, स्वतःची बोट. पोहता येतं म्हणतो, विश्वास ठेवू नये, तो हाच.

वहीत सुवर्णदुर्गापुढे दरवर्षी एकच ओळ: "किनाऱ्यावरून दाखवणे. बोट नाही. कोणी रडलं तरी नाही." आम्ही सगळे रडलो होतो. समोर किल्ला, अगदी हाक मारली तर ऐकू जाईल असा, आणि बाई सांगणार, आत काही बघण्यासारखं नाही. मग वाळूत उभं करून इतिहास. आंग्र्यांचं आरमार, कान्होजी, आणि मग १७५५, पेशव्यांनी इंग्रजांना बरोबर घेऊन तुळाजी आंग्र्यांच्या हातून हा किल्ला घेतला, इंग्रजांच्या आरमाराचा तो कमोडोर जेम्स. बाई म्हणायच्या, आपलं आरमार आपणच परक्याकडून मोडून घेतलं, हे लिहून घ्या, परीक्षेला येणार नाही.

बाई मूळच्या साताऱ्याकडच्या. घाटावरचे मास्तर कोकणात येतात ते बदलीचा अर्ज खिशात घेऊनच, त्यात त्यांचीही काही चूक नाही, घर तिकडे, म्हातारे आईबाप तिकडे. आम्ही चार वर्षांत तीन मास्तर गेलेले बघितले. बाई का राहिल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्यांचं लग्न झालं होतं का, मोडलं होतं का, काहीच माहीत नाही. समुद्राला मात्र जाम भ्यायच्या. इतकी वर्षं गाजेच्या आवाजात झोपल्या, पण पाणी कधी घोट्याच्या वर येऊ दिलं नाही.

तर बोटीत बसलो, आणि अर्ध्या वाटेत तांडेल म्हणाला, "बाईंना मी आणलंवतं इकडे."

कोणालाच माहीत नव्हतं. रिटायर झाल्यावर चार-सहा महिन्यांनी त्या एकट्याच बंदरावर आल्या आणि म्हणाल्या, मला ने. त्याला वाटलं मस्करी. त्याने सकाळची, पाणी शांत असतानाची वेळ बघून नेलं. "ह्याच फळीवर बसल्यावत्या. दोन्ही हातानं फळी धरून, डोळे गच्च मिटून. नि ओठ हलत होते. मला वाटलं रामरक्षा म्हणतायत. इंजिन बारीक करून ऐकलं तर पाढे. एकोणतीसचा चालला होता."

किल्ल्याला धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उतरून वाळूवर जायचं. तांडेलाने आणि त्याच्या खलाशाने बाईंना खुर्ची करून उतरवलं म्हणे. दरवाज्याशी पायरीवर कासव कोरलंय आणि बाजूच्या तटावर मारुती, तिथपर्यंत आम्हीही आलो. आत झाडी माजलेली, पाण्याचं टाकं, पडके वाडे, तट मात्र अजून ताठ. आत फिरून झाल्यावर बाई दरवाज्यात बसल्या आणि तांडेलाला म्हणाल्या, "मी पोरांना खोटं सांगितलं रे."

हे ऐकून डॉक्टरने पिशवीतून वही काढली. शेवटच्या पानावर, वेगळ्या पेनाने, ना वर्ष, ना हिशोब: "सुवर्णदुर्ग. आत बघण्यासारखे आहे. बोटीने न्यावे. लाईफ जॅकेट मागून घेणे. भरती विचारणे."

रिटायर झाल्यावर लिहिलेलं. कोणाला नेणार होत्या?

थोडा वेळ कोणी बोललं नाही आणि मग शेठला लागली भूक, त्यामुळे बरं झालं.

दुपारी आंजर्लं. आता खाडीवर पूल आहे, गाडी थेट जाते. पूर्वी तरीने जायचे लोक, बाई अर्थातच एसटीने लांबचा वळसा घालून न्यायच्या, ते आत्ता कळलं का ते. कड्यावरचा गणपती उजव्या सोंडेचा, वरून खाली पाहिलं की माडांची हिरवी चादर आणि पलीकडे सुवर्णदुर्ग समुद्रात एखाद्या काळ्या होडीसारखा. देवळात काही फार केलं नाही, पाया पडलो, एक नारळ फोडला. वहीत आंजर्ल्यापुढे "पायऱ्यांवर मोजणी घेणे" असं आहे म्हणून शेठने आम्हाला मोजलं. एक कमी भरला. स्वतःला मोजायचं राहिलं होतं.

दिवस तिसरा: मुरुड, आसूद

मुरुडला कर्व्यांच्या पुतळ्यापाशी गेलो. बीचवर आता पॅरासेलिंग, उंट, बर्फाचे गोळे, शनिवार असल्यामुळे पुण्याच्या गाड्या. धोंडो केशव कर्वे इथे वाढले, १८९३मधे त्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा याच गावाने त्यांना बहिष्कार घातला, पुढे १९१६ला बायकांचं विद्यापीठ काढलं, १९५८ला शंभराव्या वर्षी भारतरत्न, हे सगळं बाई पटापट उरकायच्या. एकच गोष्ट रंगवून सांगायच्या. १८७५ साली हा पोरगा परीक्षेला बसायला इथून साताऱ्यापर्यंत चालत गेला, भर पावसात, डोंगर तुडवत, आणि तिथे साहेबाने बघितलं आणि म्हणाला, तू एवढा लहान दिसतोस, तुझं वय बसत नाही, जा घरी. आणि तो परत आला. बाई म्हणायच्या, "तो इथून साताऱ्याला चालत गेला, मी साताऱ्याहून इथे एसटीने आले, तर तक्रार कुणी करायची?" आम्हाला यात काय मोठं ते कळायचं नाही, आम्ही पोरगा परत कसा आला, चालतच का, एवढंच विचारायचो. बाई म्हणायच्या, चालतच, दुसरं काय होतं.

दुर्गादेवीच्या देवळातले कोरीव खांब बघितले, लाकूडकाम अप्रतिम आहे, वेळ काढून बघा.

आसूदला केशवराज. पोफळीच्या बागेतून खाली उतरायचं, ओढ्यावरचा पूल, आणि मग वर पायऱ्या. गोमुखातून पाणी येतं ते गार आणि गोड. वहीत "इथे डबे" असं लिहिलंय म्हणून डबे खाल्ले, काकूंनी दिलेले घावणे आणि नारळाची चटणी, घावणे गार होऊन चामडं झालेले तरी संपले. देवळाच्या पायरीवर एक शाळेची सहल बसली होती, कुठली कोण जाणे, त्यांच्या बाई मोबाईलवर कोणाला तरी ओरडत होत्या की गाडी अजून आली कशी नाही आणि एक पोरगं त्यांच्या पदराला धरून उभं. डॉक्टर म्हणाली, ते चारनंतर आईची आठवण येणारं दिसतंय.

शेठ आणि मी उतरताना थोडं बोललो. हॉलचं डोक्यातून गेलं का विचारलं. म्हणाला, "लाईफ जॅकेटं किती लागतील रे अकरा पोरांना?" मी म्हटलं अकरा. आणि बाईंना एक, म्हणजे आत्ताच्या बाईंना. हेडमास्तर परवानगी देतील का, बोटीचं कागदपत्र काय, यावर तांडेल आणि तो दुसऱ्या दिवशीपर्यंत फोनवर होते. होईल की नाही माहीत नाही. सरकारी काम आहे.

दिवस चौथा: पालगड, आणि परत

पालगडला साने गुरुजींचं घर. २४ डिसेंबर १८९९चा जन्म इथला, दरवर्षी त्या दिवसाच्या आसपासच बाई सहल काढायच्या, आणि घराच्या ओटीवर आम्हाला बसवून काहीच बोलायच्या नाहीत. खरंच. पाच मिनिटं गप्प बसा, एवढंच. अख्ख्या सहलीत तेवढीच पाच मिनिटं त्या बोलल्या नाहीत, आणि आम्हाला वाटायचं त्या दमल्या असतील. आम्हीही बसलो. शेठचे दोन्ही मोबाईल वाजले, त्याने ते सायलेंटवर टाकले, मग तिसरा वाजला, तो माझा होता.

वह्या कोणी न्यायच्या? इतर वह्या डॉक्टरकडे. सहलीची काकूंकडेच राहिली, त्यांना वाचता येत नाही पण त्या म्हणाल्या, असू दे, पुढल्या वर्षी कोणी आलं तर.

बाकीच्यांनी खेडला ट्रेन पकडली. मला गावी एक काम होतं म्हणून मी परत दापोलीला आलो आणि संध्याकाळची मुंबईची एसटी घेतली. रिझर्व्हेशन करताना खिडकी सांगितली. स्टँडसमोरच्या दुकानातून आलेपाक घेतला, कागदात बांधून, दहा वड्या. आता आलेपाक प्लास्टिकच्या पाकिटात येतो पण तो दुकानदार अजून सुटा ठेवतो.

गाडी सुटायच्या वेळी एक बाई चढली, कडेवर एक आणि हाताला एक सात-आठ वर्षांचा. शेजारच्या सीटवर बसली आणि मला म्हणाली, "दादा, ह्याला जरा खिडकीत बसू द्याल का? ह्याला गाडी लागते."

दिली. वडी पण दिली. पोराने चघळली, तोंड वाकडं केलं, "तिखट आहे" म्हणून आईच्या हातावर काढली, आणि खेड यायच्या आत झोपला. कशेडीला आता बोगदा झालाय, घाटाची वळणं वाचतात, त्यामुळे काही होणार नाही अशा भरवशावर मी मधल्या सीटवर बसलो होतो.

पोरगा मस्त झोपला होता आणि बोगद्याच्या तोंडाशी मला मळमळायला लागलं.